बेटातले काटे

लेखापरीक्षणाच्या खात्यात ३५ वर्षे काढलेल्या माणसाने जीवशास्त्राच्या प्राध्यापकाविषयी लिहावे, ही अनधिकार चेष्टा आहे हे मला कळते. आमच्या विद्यार्थिदशेत जीवशास्त्र म्हणजे मेणाच्या थाळीत टाचण्यांनी खिळवलेला बेडूक आणि जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद. ज्याला गणित झेपत नाही त्याने त्या वाटेला जावे, असा घरोघरचा समज होता. त्या वाटेने जाऊन मुलगा डॉक्टर झाला तर उत्तम. डॉक्टर न होता त्याच विषयात रमला तर ‘कुठल्याशा कॉलेजात शिकवतो’ एवढ्या वाक्यात त्याची बोळवण होई. त्या ‘कुठल्याशा’त भरलेली उपेक्षा आम्हां सरकारी नोकरांच्या घरांत तर विशेषच मुरलेली. आमच्याकडे माणसाचे मोल त्याच्या हुद्द्यावरून आणि बदलीच्या गावावरून ठरे. प्राध्यापकाला बदली नाही, म्हणजे जणू त्याच्या आयुष्याला कथाच नाही.

नागपूर, शिलाँग, पुन्हा नागपूर आणि अखेर बंगळूर अशी आमची यात्रा संपली, आणि आम्ही कोरमंगला या वसाहतीत घर बांधले. त्या वेळी रात्री येथे कोल्हे ओरडत, असे आमच्या सौभाग्यवती अजून पाहुण्यांना सांगतात. मला कोल्हे आठवत नाहीत. नाचणीची शेते, मोकळी पटांगणे आणि पावसाळ्यात घरामागून वाहणारा गढूळ ओढा मात्र स्पष्ट आठवतो. आता त्या ओढ्याला सिमेंटच्या भिंती आहेत, त्याला येथे ‘राजकालुवे’ म्हणतात, आणि त्याच्या वासाविषयी न बोललेले बरे. आमच्या दोन्ही बाजूंच्या बंगल्यांत कसल्याशा नव्या उद्योगांच्या कचेऱ्या आल्या आहेत. तेथील मुले रात्री अकरा वाजता चहा प्यायला रस्त्यावर उतरतात आणि कोटींच्या गोष्टी करतात. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. उलट रस्ता जागा राहतो. पण पंचविशीच्या मुलांची किंमत कोटींत करणाऱ्या या पेठेत राहून आमच्या नातीने परवा, म्हणजे गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी, असे जाहीर केले की तिला ‘जिवंत गोष्टींचा’ अभ्यास करायचा आहे.

तिच्यापुढे दोन प्रवेश होते. एक वैद्यकीय महाविद्यालयातला. दुसरा येथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतला. जुने बंगळूरकर जिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात त्या संस्थेने २०११ सालापासून चार वर्षांचा विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला आहे. आमचे चिरंजीव संगणकाच्या धंद्यात आहेत, स्वभावाने शांत. पण त्या दिवशी जेवणाच्या ताटावर ते म्हणाले, “बाबा, डॉक्टरकीची जागा सोडून ही पोर संशोधन करणार. म्हणजे शेवटी प्राध्यापकच ना व्हायचे? तुम्हीच सांगा तिला.”

पंचाचे काम माझ्याकडे आले. मी जन्मभर केले तेच केले: कागदपत्रे मागवली. प्राध्यापक म्हणून जगलेल्या एखाद्या माणसाचा जमाखर्च डोळ्यांखालून घालायचा आणि मग बोलायचे, असे ठरवले. माणूस शोधावा लागला नाही. आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ. १९७३ पासून २००४ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षे, ते याच संस्थेत शिकवत होते. मी त्यांना कधी भेटलो नाही. मात्र त्यांच्या एका आकड्याने माझी एक संध्याकाळ फार पूर्वी खाल्ली होती. त्या आकड्याकडे मी पुढे येणारच आहे.

आडनाव वाचून आमच्या खात्यातील जुन्या लोकांना एक ‘सूत्र’ आठवेल. राज्यांना योजनांसाठी मिळणारे केंद्राचे साहाय्य ज्या गाडगीळ सूत्राने वाटले जाई, त्या सूत्राचे कर्ते धनंजयराव हे यांचे वडील. चिरंजीवांनी हे ऐकताच पहिला आक्षेप नोंदवला. “मोठ्या घरातले लोक ते. त्यांना परवडते.” आक्षेप ग्राह्य आहे. शेजारी इरावतीबाई कर्वे राहतात, घरात पुस्तकांच्या भिंती आहेत, वडील स्वतः पक्षी पाहतात, अशा घरातल्या मुलाला जी सुरुवात मिळते ती नागपूरच्या सरकारी चाळीतल्या मुलाला मिळत नाही. हे भांडवल जमेच्या बाजूस मांडलेच पाहिजे. पण भांडवल कोणत्या धंद्यात घातले, हाही लेखापरीक्षकाचा प्रश्न असतो.

शाळकरी वयातली त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. वेड्या राघूच्या शेपटीतून बाहेर आलेली सुईसारखी लांब पिसे अचानक दिसेनाशी झाली, हे या मुलाच्या लक्षात आले. वडिलांना विचारले. त्यांना उत्तर माहीत नव्हते. ते म्हणाले, सालिम अलींना पत्र घाल. मुलाने घातले, आणि त्या थोर पक्षिविदाने त्याला उत्तरही पाठवले: पिसे गळतीच्या काळात झडतात, पुन्हा येतील. येथे अर्थतज्ज्ञ पित्याने मुलाला जे दिले ते ‘मला माहीत नाही’ हे वाक्य. आपल्यापैकी किती बापांनी ते मुलांसमोर उच्चारले असेल? पुढे जवळपास वीस वर्षांनी, पक्षी रात्री थव्याने एकत्र का मुक्काम करतात या विषयावर सालिम अली आणि माधव गाडगीळ या दोघांच्या नावांनी एक निबंध प्रसिद्ध झाला. एका टपाल-तिकिटावर मिळालेले हे व्याज मला कोणत्याही बचतपत्रात आढळलेले नाही.

फर्ग्युसनमधून पदवी, मुंबईहून प्राणिशास्त्राची एम्. एस्सी., आणि मग हार्वर्ड. तेथे १९६९ साली डॉक्टरेट. तिथला विषय ऐकून मी चकित झालो, कारण त्यात बेडूक नव्हता, माझाच व्यवसाय होता. १९७० साली विल्यम बॉसर्ट या आपल्या गुरूंसह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा आशय माझ्या भाषेत सांगतो; चुकल्यास शास्त्रज्ञांनी क्षमा करावी. प्रत्येक जीवाचे उत्पन्न मर्यादित असते. त्यातून त्याने स्वतःचे शरीर वाढवायचे, ते सांभाळायचे आणि संततीवर खर्च करायचा. एका शीर्षाखाली खर्च वाढला की दुसऱ्यात कपात होणारच. मग काही जीव दर वर्षी थोडी थोडी संतती का निर्माण करतात आणि काही जन्मभर साठवून एकाच हंगामात सर्वस्व उधळून का मरतात? सामन मासा नदीच्या उगमाशी येऊन अंडी घालतो आणि संपतो. आपला कळक कित्येक दशके नुसता वाढतो, एकदा फुलतो आणि वाळून जातो. गाडगीळ-बॉसर्टांनी गणिताने दाखवले ते असे, की थोड्या खर्चाने थोडा लाभ होत असेल तर हात राखून खर्च करणे फायद्याचे. पण थोडक्या खर्चाने काहीच साधत नसेल आणि मोठ्या खर्चानेच काही पदरात पडत असेल, तर मागे शिल्लक ठेवण्यात अर्थ नाही. मार्च महिन्याच्या अखेरीस आमची सरकारी खाती जे करतात त्याला निसर्गात असा काही आधार असेल अशी मला कल्पना नव्हती.

तेथे अध्यापन चालू असताना ते १९७१ साली परत आले. बरोबर पत्नी सुलोचनाबाई. त्या हवामानाच्या शास्त्रज्ञ, पुढे मान्सूनच्या अभ्यासात त्यांनी मोठे नाव मिळवले. सतीश धवन त्या वेळी टाटा इन्स्टिट्यूटचे संचालक होते. त्यांनी या दोघांना १९७३ साली बंगळूरला आणले. तिथे परिसरशास्त्राचा विभाग अजून जन्माला यायचा होता. म्हणून जंगलात रमणाऱ्या या माणसाची पहिली खुर्ची सैद्धान्तिक अभ्यासाच्या केंद्रात, भौतिकी आणि गणिताच्या लोकांत मांडली गेली. परिसरशास्त्राचे स्वतंत्र केंद्र १९८३ साली उभे राहिले.

आता तो आकडा. कर्नाटकातील बुरुडांनी, ज्यांना इकडे ‘मेदार’ म्हणतात, १९७५ च्या सुमारास सरकारकडे गाऱ्हाणे घातले की कागद गिरण्या जंगलातला बांबू संपवत आहेत आणि आमच्या पोटावर पाय येतो आहे. गिरण्यांचे म्हणणे उलट होते, वनखात्याचे कागद तिसरेच काही सांगत होते. सरकारने हे प्रकरण या तरुण प्राध्यापकाकडे तपासायला दिले. मी ज्या लेखात हे वाचले त्यात दर दिलेला होता: गिरणीला बांबू दीड रुपया टनाने मिळत होता. बाजारात बुरुडाला तोच बांबू घ्यायचा तर हजारपटीच्या घरात पैसे मोजावे लागत. मी चष्मा पुसून दशांशचिन्ह पुन्हा पाहिले. दीड रुपयाच होता. आमच्या खात्यात अशा नोंदीवर तांबड्या शाईने एक शब्द लिहितात आणि मग वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालतो.

पण दराची गोष्ट कुणीही लेखापाल काढू शकला असता. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी जे करायला गेले त्याला आमच्या नियमपुस्तिकेत ‘साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी’ असे भारदस्त नाव आहे. आणि नोकरीत असलेले सगळे जाणतात की ती बहुधा खुर्चीत बसून होते. हे लोक उत्तर कन्नड जिल्ह्यातील रानांत गेले. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी कारवार-शिरसीला नोकऱ्या केल्या आहेत, तेव्हा ते रान काही परके नव्हे. त्यांनी बांबूची बेटे मोजली. वनखात्याच्या अंदाजातला साठा कित्येक पटींनी फुगलेला निघाला. कागदावर बांबू होता, रानात नव्हता. एका जंगलातला संपला की गिरणी पुढच्या जंगलाकडे वळत होती.

येथे मला खात्यातल्या बांधवांची बाजू घेऊन एक शब्द बोलायचा आहे. गाडगीळांच्या लिखाणात वनाधिकाऱ्यांवरचा राग वारंवार येतो, आणि तो सरसकट आहे असे मला वाटते. आकडा फुगतो तो नेहमी लबाडीने फुगत नाही. कुणीतरी इंग्रजी अमदानीत एक अंदाज लिहून ठेवतो. पुढचा त्यात वाढ धरतो. त्याच्या पुढच्याला रान तुडवायला ना वेळ ना जीप. तो मागच्या साहेबाचा मान राखून आकडा पुढे चालवतो. तीन बदल्यांत त्या आकड्याला शिक्का बसतो आणि मग तो पुरावा होतो. यात दुष्ट माणूस शोधून सापडत नाही, म्हणूनच हा प्रकार अधिक भयंकर. शिवाय ज्या रानात प्राध्यापक आठवडाभर जाऊन येतात तेथे एखादा तरुण रेंजर एकटा राहतो, हेही विसरता कामा नये.

मात्र त्याच पाहणीतली दुसरी हकिकत वाचली आणि माझी वकिली थांबली. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. तोडणाऱ्याला ती आड येते. ती साफ केल्याने बेट मोकळे होते, कोंडमारा जातो आणि जास्त कोंब फुटतात, अशी शास्त्रोक्त समजूत होती. त्याप्रमाणे काटे छाटण्याचे काम इमानाने चालू होते, त्यावर खर्चही पडत होता. गावकरी म्हणत होते, हे करू नका. काट्यांच्या आत कोंब सुरक्षित असतो. जाळी काढली की गुरे, साळिंदरे, वानरे तो खाऊन टाकतात. कुणी ऐकले नव्हते, कारण गावकऱ्याचे म्हणणे कोणत्या रकान्यात लिहावे याची तरतूद नव्हती. प्राध्यापकांनी ते एक विधान म्हणून घेतले, आणि विद्यापीठातल्या कुठल्याही विधानाचे जे करतात तेच त्याचे केले: तपासले. काटे असलेली बेटे, काटे काढलेली बेटे, कोंब किती आले, किती जगले. गावकरी बरोबर निघाले.

मी ही हकिकत नातीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “आजोबा, गावकरी चूक निघाले असते तर?” मी म्हटले, तर तेही लिहिले असते. ती म्हणाली, “मग ठीक.” अठरा वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न मी नोकरीत एकदाही विचारला नव्हता.

याच बांबूच्या दोन जातींच्या जीवनक्रमावर गाडगीळांनी एका विद्यार्थ्यासह १९८४ साली शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे केंब्रिज गावी संगणकयंत्रावर सोडवलेले, ‘एकदाच फुलून मरावे की दर वर्षी थोडे फुलावे’ हे कोडे त्यांना चौदा वर्षांनी कर्नाटकाच्या रानात, बुरुडांच्या तक्रारीच्या निमित्ताने, काट्यांसकट पुन्हा भेटले. शुद्ध शास्त्र आणि उपयोगाचे शास्त्र असे दोन कप्पे आपण करतो. या माणसाच्या हिशेबवहीत ते एकाच पानावर आहेत.

पण चिरंजीवांचा प्रश्न ‘प्राध्यापका’विषयी होता. तेव्हा विद्यार्थ्यांकडे वळतो. प्राध्यापकाची खरी मालमत्ता तीच, आणि तिचे मूल्यांकन त्याच्या हयातीत पुरे होत नाही. रामन सुकुमार हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी हत्ती आणि शेतकरी यांचा झगडा हा विषय घेऊन वर्षानुवर्षे दक्षिणेच्या रानांत काढली. शेतात घुसणारे हत्ती म्हणजे रान कमी पडल्यामुळे उपाशी झालेले बिचारे जीव, एवढेच आपण समजतो. गुरुशिष्यांनी १९८८ साली दाखवले की कळपातल्या माद्यांच्या मानाने प्रौढ नर पिकावर कितीतरी अधिक धाड घालतात. पिकात पोषण अधिक. आणि जो नर धिप्पाड होईल त्याला पुढे वंश वाढवण्याची संधी अधिक, म्हणून तो जिवावरचा धोका पत्करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता, राखण कोणापासून करायची याचे हे उत्तर आहे. दुसरे राघवेंद्र गडगकर. हे रेणुजीवशास्त्रात डॉक्टरेट करत होते आणि फावल्या वेळात गांधीलमाश्यांच्या पोळ्यांकडे पाहत बसत. एखाद्या मार्गदर्शकाने ‘आधी पदवी पुरी करा’ म्हणून झापले असते, आणि ते गैरही ठरले नसते. गाडगीळांनी या छंदाला उत्तेजन दिले. पुढे तोच छंद गडगकरांचे जन्माचे कार्य झाला, आणि एका सामान्य भारतीय गांधीलमाशीची समाजव्यवस्था जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

माश्यांत मला विशेष रस नाही. मला रस आहे तो त्या परवानगीत. आमच्या सेवेत मी कनिष्ठांना रजा मंजूर केल्या, बढत्यांची शिफारस केली, दोन वेळा प्रतिकूल शेरेही मारले. पण ‘तुम्ही जे फावल्या वेळात करता तेच तुमचे खरे काम दिसते, ते करा’ असे कुणालाही म्हणण्याचा अधिकार माझ्या हुद्द्यात नव्हता.

बाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक धागा या चरित्रात दिसल्याशिवाय राहत नाही. गाडगीळांनी सत्तरीच्या दशकात वा. द. वर्तकांबरोबर महाराष्ट्रातील देवराया पालथ्या घातल्या. देवाच्या नावाने राखलेले रानाचे ते तुकडे आपण लहानपणी भीत भीत ओलांडलेले आहेत. तेथे काठी तोडली तर काळकाई कोपते, एवढे आपल्याला ठाऊक. त्या भीतीआड कोणत्या वनस्पती टिकून राहिल्या, याची यादी या दोघांनी केली. वर्तक होते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले. आणि ती संस्था १९४६ साली कुणी स्थापली? शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी. मालवणचा हा माणूस कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. अभ्यासाला जर्मनीत गेला तो पहिले महायुद्ध सुरू होऊन तेथेच स्थानबद्ध झाला. युद्ध संपल्यावर बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतला आणि पुढे वर्षानुवर्षे बंगालात शिकवत राहिला. निवृत्त झाल्यावर आपण लोक घर बांधतो. आघारकरांनी संशोधनसंस्था बांधली. परप्रांतात आयुष्य काढलेल्या मराठी माणसांच्या याद्या आपल्या संमेलनांत वाचल्या जातात तेव्हा सरदार, दिवाण आणि सनदी अधिकारी यांची नावे येतात. आघारकरांचे नाव मी तरी व्यासपीठावरून ऐकलेले नाही.

२०१० साली केंद्र सरकारने पश्चिम घाटासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्षपद गाडगीळांकडे आले. अहवाल २०११ च्या ऑगस्टमध्ये सादर झाला. त्याविषयी वाचकांना बरेच ठाऊक आहे, किंवा ठाऊक आहे असे वाटते. मी तो अहवाल वाचला आहे. ज्यांनी शिव्या दिल्या आणि ज्यांनी आरती ओवाळली त्या दोघांतल्या फारच थोड्यांनी वाचला असावा. डोंगर वाचवा, हे सांगायला समिती लागत नाही. त्यातली अवघड सूचना वेगळीच होती: अहवालाचा तर्जुमा लोकांच्या भाषेत करा, तो ग्रामसभांपुढे ठेवा, आणि कोणत्या भागात काय चालावे, काय नाही, हे त्यांच्याशी बोलून ठरवा. पुन्हा तोच काट्यांचा प्रश्न. त्या रानात राहणाऱ्याला विचारा आणि त्याने सांगितलेले तपासा. मग दुसरी समिती आली, कस्तुरीरंगन यांची. तिने २०१३ साली संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. कोणती रेषा बरोबर, हा वाद माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. पहिल्या अहवालाचे मराठी भाषांतर वेळेवर प्रत्येक ग्रामपंचायतीत पोचले असते तर वाद तरी शहाणपणाने झाला असता, एवढे एका जुन्या कारकुनाचे मत नोंदवून ठेवतो.

हे सगळे वाचून मी चिरंजीवांना सांगायला बसलो आणि माझ्या लक्षात आले की त्यांना पटेल असा ताळेबंद माझ्याजवळ नाही. पद्मश्री १९८१, पद्मभूषण २००६, परदेशी पारितोषिके, हे सांगता येते. पण त्यांनी लगेच विचारले, “एका गाडगीळांमागे किती जण नुसतेच राहिले, बाबा?” या प्रश्नाला उत्तर नाही. पस्तिशीपर्यंत तात्पुरत्या शिष्यवृत्त्यांवर जगणारी, कायम नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहणारी, आईबापांना दर दिवाळीला ‘अजून चालू आहे’ असे सांगणारी मुले मीही पाहिली आहेत. त्यांतले काही काट्यांवाचून उघड्यावर आलेले कोंब आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी एवढेच म्हणालो की यशाची हमी मागायची असेल तर ती डॉक्टरकीतही कुणी लेखी देत नाही. चिरंजीव हसले नाहीत. नातीने वैद्यकीय जागा सोडली त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात भाजीला मीठ कमी-जास्त झाल्याखेरीज कुणी बोलले नाही. पंचनिवाडा कुणी विचारलाच नाही, तो मी खिशातच ठेवला.

नात आता संस्थेच्या वसतिगृहात राहते. रविवारी घरी येते. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, वेळ मात्र पुण्याहून लोणावळ्याला जाऊन चहा घेण्याइतका. मागच्या महिन्यात तिने एक नवे खूळ काढले आहे. आमच्याजवळच्या ऐंशी फुटी रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची रांग आहे. त्यांतल्या एका झाडावर संध्याकाळी साळुंक्या मुक्कामाला येतात आणि अर्धा तास असा गलका करतात की खालच्या उपाहारगृहातली मुले भ्रमणध्वनीवर ओरडून बोलतात. नातीने मोजणी मांडली. ती पूर्वेच्या बाजूने येणारे थवे मोजते, मी पश्चिमेचे. माझ्यासाठी तिने वहीत रकाने आखले तेव्हा मी त्यांत तारीख, सूर्यास्ताची वेळ आणि मोजणाऱ्याची सही एवढी भर घातली. ती तिने मान्य केली.

जवळच्या बागेत काम करणारे एक म्हातारे माळी आहेत. जुन्या कोरमंगला गावातले. ही वसाहत झाली नव्हती तेव्हा येथे त्यांनी गुरे वळली आहेत. त्यांच्याजवळ बसून नात झाडांची कानडी नावे लिहून घेते. करंजाला होंगे, उंबराला अत्ती, जांभळाला नेरळे. मी शेजारी मराठी नावे लिहितो. आमच्या घरामागच्या राजकालुव्याच्या काठी पूर्वी केदिगे होती, असे ते म्हणाले, म्हणजे केवडा. आता बेळ्ळंदूर तळ्याकडे काळे पाणी घेऊन जाणाऱ्या, त्या तळ्यावर २०१७ साली आग पेटलेली साऱ्या देशाने पाहिली, त्या ओढ्याच्या काठी एके काळी केवड्याचे बन होते, हे मला खरे वाटेना. नातीने ते ‘सांगितलेले’ या रकान्यात लिहिले आणि पुढचा ‘पाहिलेले’ हा रकाना रिकामा ठेवला.

गेल्या रविवारी तिची मोजणी ४१२ भरली, माझी ३८०. बेरीज करून आम्ही वही मिटत होतो तोच माळीबुवा जवळ आले. त्यांनी आकडा विचारला आणि मान हलवली. म्हणाले, गोरवंका याच्या दुप्पट असतील. अर्ध्या तर मागच्या आवारातल्या झाडावर उतरतात, तुम्ही भिंतीच्या या बाजूने पाहता. नातीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघे कोपऱ्यावरून वळसा घालून त्या आवाराच्या फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याला बरेच समजवावे लागले. आत खरोखरच एक मोठे झाड होते आणि त्यातून गलका येत होता. पण तोवर अंधार इतका पडला होता की एकही पक्षी दिसेना. नातीने वहीत वेळ लिहिली, ‘दुसरे झाड, मोजले नाही’ अशी नोंद केली आणि सहीसाठी वही माझ्यापुढे धरली.